तुझं नाव काय गं?

मी कामावर गेले की आई घरात दिवसभर एकटी असायची, म्हणून तिच्यासाठी वृद्धांचं दिवसभराचं केंद्र शोधत होते. पहिली दोन चकचकीत होती, पण तिथे सगळे तिला नुसतं ‘आजी’ म्हणत होते. तिसऱ्या ठिकाणी लसूण सोलत बसलेल्या एका बाईंनी बाकावर सरकून जागा केली.

“तुझं नाव काय गं?”

“सुमन,” आई म्हणाली आणि चक्क लाजली. बाबा गेल्यापासून तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं.

“बस की, सुमन.”

मी तिथेच तिचं नाव नोंदवलं. निघताना “येते गं” म्हटलं, ते तिला ऐकूच गेलं नाही. दाराबाहेर मी तिचं हसू ऐकत उभी राहिले. मला आत जाऊन त्या दोघींच्या मध्ये बसावंसं वाटत होतं.