पाण्याचं इंजिन

सांगलीत मी इंग्रजीचं एम.ए. करत होतो, तेव्हा शेजारच्या खोलीत शिराळ्याकडचा एकजण राहायचा. लढाई संपल्यावर लष्कराचं वर्कशॉप सोडून तो इंजिनिअरिंगला आला होता. माझ्या पुस्तकाला हात लावण्याआधी तो राखेनं हात घासून धुवायचा. अवघड इंग्रजी शब्द पुन्हा पुन्हा घोकायचा आणि जमला की स्वतःलाच म्हणायचा, "व्हय, बसला!"

एकदा त्यांच्या कॉलेजात मोठे पाहुणे आले. पाण्याच्या इंजिनाची माहिती इंग्रजीतून सांगायचं काम त्याच्याकडे होतं. तयारी मी करून घेतली होती, म्हणून मीही ऐकायला गेलो होतो. तो सुरेख बोलत होता. तेवढ्यात गावाहून येऊन मागं उभे राहिलेले वडील त्याला दिसले आणि तो थांबला. प्राध्यापकांनी डोळे वटारले.

"आबा, फुडं या," तो म्हणाला. "बैलं न जुपता ह्ये हिरीतलं पानी वर काढतंय बगा." मग सगळं त्यानं मराठीत सांगितलं. पाहुण्यांनी उठून आबांना आपली खुर्ची दिली.

परतताना आबांनी विचारलं, "आन् आदी सायबावानी काय बोलत हुतास रं?"

"ह्येच की," तो म्हणाला. "पर तवा तुमी दिसला न्हवता."