ढेळजेखालची पायरी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायको होती तेव्हा तिलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही.

मी लातूरला आर्किटेक्ट आहे. कोकणात एका निर्जन किनाऱ्यावर मी पर्यटकांसाठी काही घरं बांधली. रस्ता संपल्यावर माडांतून चालत गेलं की मगच ती दिसतात. जांभ्याच्या भिंती, लाकडी खांब, आणि समुद्राकडं तोंड केलेली ढेळज. आमच्याकडं मोठ्या घराच्या दारात आल्यागेल्याला बसायला दोन्ही बाजूंना उंच ओटे असतात ना, ती. ती घरं बांधून घेणाऱ्या मालकांना ढेळज लगेच पटली, कारण मी त्यांना सांगितलं होतं, माझं बालपण आमच्या अशाच ढेळजेत गेलं.

साफ खोटं. आम्ही बौद्ध. अर्धापूरजवळच्या आमच्या गावात आमचं घर पत्र्याचं, गावाबाहेरच्या वस्तीत. ढेळज होती ती देशमुखांची. आबा, म्हणजे माझे वडील, काही कामानं तिथं जायचे, मी त्यांच्या मागं मागं. वर बसा, असं कुणी म्हणायचं नाही. ओट्याखाली एक बुटकी पायरी होती, तिच्यावर आम्ही वाट बघत बसायचो. नकाशा काढताना ती पायरीही आपोआप उतरली. दिसली होती मला — मग खोडली का नाही?

उद्घाटनाला आबांना घेऊन गेलो. समुद्र त्यांनी पहिल्यांदाच पाहिला, बराच वेळ पाहिला. मग वळले आणि सरळ त्या पायरीवर येऊन टेकले. ओळखली त्यांनी.

मालक अदबीनं म्हणाले, "काका, वर बसा ना. तुमच्याच घरासारखी ढेळज आहे ही."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी नजर चुकवली.

"हाव साहेब," ते म्हणाले. "आमच्याकडं असंच हाय."

माझ्यासाठी खोटं बोलले ते — ज्यांनी मला लहानपणी खोटं बोलल्याबद्दल मारलं होतं. तेवढ्यावर निभावलंही असतं. पण मालकांनी मला विचारलं, मग ही खालची पायरी कशासाठी? खरं उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. आजूबाजूला बडे पाहुणे उभे होते.

मी म्हणालो, "चपला ठेवायला."

आबा सावकाश उठले. पायातल्या चपला काढल्या, पायरीवर नीट जोडून ठेवल्या आणि वाळूत अनवाणी उभे राहिले. वर काही चढले नाहीत. परतीच्या प्रवासात ते पिकापाण्याचं बोलत राहिले, या गोष्टीचं अवाक्षर नाही. मीही विषय काढला नाही. पुढं आबा वारले. काढायचा राहूनच गेला म्हणू? नाही — मी काढलाच नाही.

पावसाळ्यात तिथं कुणी नसतं, तेव्हा मी कधी कधी एकटाच जातो. ओट्यावर बसवत नाही. पायरीवर बसायची तर लाज वाटते. मग उभाच राहतो.

मागं मालकांचा फोन आला होता. पायरीजवळ पाटी लावायची होती, 'चपला येथे काढाव्यात'. मजकूर बरोबर आहे ना, असं विचारत होते.

मी म्हणालो, बरोबर आहे.