आम्ही मास्तर बदलला

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगतो. तसं नाही, कपबशी खाली ठेवून कबूल करा! कारण यापुढे जे ऐकाल त्यात मूर्ख एकच आहे, आणि तो तुमच्यासमोर बसलाय.

इंग्रजांचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. आपली हॉकीची टीम साता समुद्रापलीकडून सोनं जिंकून आली आणि धुळ्यात जो तो हॉकी खेळायला लागला. ज्याला स्टिक मिळायची नाही तो बाभळीची वाकडी फांदी घेऊन पळायचा. आमच्या पेठेचीही टीम होती. तिच्यात माझा एक पुतण्या, एक भाचा, आणि उरलेले बहुतेक आमच्याच गावचे. गावात सगळे मला नाना म्हणायचे. मी कापसाचा आडत्या. लिलाव पुकारून पुकारून आवाज असा तयार झाला होता, की मी बोली लावली की पलीकडच्या गल्लीतले बैल उठून उभे राहायचे.

टीमला शिकवायला झिपरू मास्तर होते. आता तुम्ही कोच म्हणता, आम्ही मास्तर म्हणायचो. पलटणीतून निवृत्त झालेले, छावणीत गोऱ्यांबरोबर हॉकी खेळलेले. पण बोलणं? महिन्याला चार वाक्यं! सामना सुरू झाला की हाताची घडी घालून बाकावर बसायचे ते शेवटपर्यंत.

त्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही ओळीने चार सामने हरलो. टीमचा खर्च चालवणारे जिनवाले, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचे, शेठ म्हणाले, "आता दोन राहिलेत. एक तरी जिंका, नाहीतर टीम मोडून टाका."

झालं! चहाच्या हॉटेलात रणकंदन सुरू.

"मास्तर बदला!" मी टेबलावर मूठ आपटली.

"हंगामाच्या मध्येच?" रामभाऊ कंपाउंडर म्हणाले. मास्तरांची बाजू घेणारा पेठेतला हा एकटा माणूस. "नाना, अर्ध्या बाटलीवर औषध बदलत नाहीत."

"रोगी मरायला टेकलाय, रामभाऊ!"

"अहो, पण सरावात पोरं कशी वाघासारखी खेळतात!"

"सरावात खेळून काय लोणचं घालायचंय? सामन्यात काय होतं ते बोला. मास्तर गप्प बसतात. मी कडेला उभा राहून ओरडतो, म्हणून निदान पोरं हलतात तरी!"

सरावाला मी कधीच गेलो नव्हतो. सकाळी बाजार असायचा ना! सगळं गुपित त्यातच होतं, पण तेव्हा ते माझ्या डोक्यात शिरेल तर शपथ.

माझा स्वभाव असा, की एकदा मनात घेतलं की घेतलं. तीन दिवस मी घरोघर फिरलो. न्हाव्याला पटवलं, शिंप्याला पटवलं, हॉटेलवाल्याला तर इतकं पटवलं की तो गिऱ्हाइकाला चहाआधी "मास्तर बदला" म्हणायला लागला. शेवटी शेठही "करा काय ते" म्हणाले.

मास्तरांना सांगायला कोण जाणार? मीच गेलो. ते ओट्यावर बसून स्टिकांना जवसाचं तेल लावत होते. मी घसा खाकरला, इकडचं तिकडचं बोललो, आणि एकदाचं सांगून टाकलं.

"बरं," मास्तर म्हणाले.

मग त्यांनी स्टिकांची मोळी बांधून माझ्या हातात दिली. "हिलालचा गुडघा दुखतो. नव्या मास्तरांना सांगा, त्याला जपा."

हिलाल म्हणजे माझाच पुतण्या. मला त्याचा गुडघा माहीत नव्हता! ओट्यावरून उतरलो तेव्हा फार वाईट वाटलं. पण म्हटलं, नाना, आता माघार नाही.

नवा मास्तर भुसावळहून आणला. पिंटोसाहेब, आगगाडीचे ड्रायव्हर. स्वतः नामांकित खेळाडू. आठ दिवसांची रजा काढून आले बिचारे. त्यांनी हिलालला आणि माझ्या भाच्याला फुलबॅक ठेवलं, म्हणजे गोलच्या पुढचे दोन राखणदार, आणि बजावलं, काही झालं तरी जागा सोडायची नाही.

सामना जळगावच्या टीमशी. मी ठरवलं, नवा माणूस आहे, याला आपण मदत केलीच पाहिजे. एरवी मी जमिनीवर उभा राहायचो, त्या दिवशी बैलगाडीवर चढलो!

जळगावकर बॉल घेऊन आले. मला राहवेना. "हिलाल, पुढे पय रे! पय! उभा कसाले शे?"

हिलाल पळाला. त्याच्यामागे भाचाही पळाला. मागे आमचा गोलकीपर एकटा, आणि त्याच्यासमोर जळगावचे पाच जण. काय व्हायचं ते झालं. तसंच आणखी दोनदा झालं.

मध्यंतरात पिंटोसाहेबांनी हिलालला धरलं. "मैंने बोला था, जगह नहीं छोड़ना. क्यों गया?"

"साहेब, नानानी सांगं ना."

"कौन नाना?"

अकरा स्टिका वर उठल्या आणि बैलगाडीकडे वळल्या. शेजारच्या माणसाकडे बोट असेल म्हणून मी बाजूला पाहिलं. गाडीवर मी एकटाच होतो.

खाली उतरून हिलालला म्हटलं, "अरे, मग मना शब्द ऐकाना नही! मास्तर सांगतस ते कर ना!"

हिलाल पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाला, "काकाना शब्द कसा मोडू? झिपरू मास्तरले बी बठ्ठं माहीत शे. पन चारचौघांमा तुमना अपमान व्हई, म्हनीन ते बोलनात नही."

ऐकलंत? चार सामने आम्ही माझ्यामुळे हरलो, आणि तो माणूस माझी अब्रू राखायला मुका बसला होता. आणि मी त्यालाच काढून आलो होतो!

पिंटोसाहेब जवळ आले. रागावले नाहीत, हेच वाईट. म्हणाले, "सेठ, तुम्हारी टीम में दो मास्टर थे. तुमने गलत वाला निकाला." आणि रजेचे दिवस शिल्लक असताना संध्याकाळच्या गाडीने परत गेले.

तोही सामना गेला, आता एकच उरला होता. मी स्टिकांची मोळी घेऊन झिपरू मास्तरांच्या ओट्यावर गेलो.

"मास्तर, चुकलो. पदरात घ्या."

"बरं."

"मी आता मैदानावर तोंड उघडणार नाही. शपथ घेतो."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. शपथेवर त्यांचा विश्वास नसावा. सामन्याच्या दिवशी त्यांनी लिंबाची एक फोड कापून माझ्या हातावर ठेवली. "खेळ संपेपर्यंत तोंडात धरा."

धरली. चाळीसगावची टीम होती, दांडगी. पण आमची पोरं काय खेळली म्हणून सांगू! जो तो आपल्या जागेवर. उत्तरार्धात आम्ही गोल चढवला. रामभाऊ टोपी उडवून नाचायला लागले. मी लिंबू चावतोय, डोळ्यांतून पाणी वाहतंय, पण आवाज नाही म्हणजे नाही. निर्धार!

पाच मिनिटं उरली. मग चार. टीम वाचली होती हो! आनंदाने छाती फुटायला आली, आणि कशी कोण जाणे, फोड तोंडातून उडाली.

"बस्स रे पोरांनो! जिंकलो!"

अकराच्या अकरा पोरं थांबली. बस्स म्हणजे बस्स! गोलकीपरने तर पॅडचे पट्टे सोडायला घेतले. चाळीसगावकरांना क्षणभर काही कळेना, मग त्यांनी सावकाश येऊन बॉल आत ढकलला.

बरोबरी. सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. रामभाऊंनी डोकं धरलं होतं. मास्तरांनी मात्र नुसती बाकावर दुसऱ्या फोडीसाठी नजर टाकली. लिंबू संपलं होतं.

मग मी ठरवलं. तोंडावर उपरणं दाबलं, उठलो आणि चालायला लागलो. फाटकातून बाहेर पडलो, थेट पांझरा नदीच्या वाटेला लागलो. मागे एकदम प्रचंड गलका झाला. कुणाचा गोल? आमचा की त्यांचा? मान वळायला बघत होती, पण वळू दिली नाही. माझा आयुष्यातला एवढाच निर्धार शेवटपर्यंत टिकला.

नदीच्या काठावर बसून होतो. थोड्या वेळाने हिलाल लंगडत धावत आला, घामाने निथळत, आणि पाया पडला.

"नाना, जिकनूत! आपन जिकनूत!"

"कोनी मारा रे गोल?"

हिलाल जरा घुटमळला. "तुम्ही फाटकबाहेर गयात, आनि लगेच व्हयना. मास्तर म्हनतस, हाऊ गोल नानाना शे."

हॉकीत मी केलेला तेवढा एकच गोल. तोही मैदानाकडे पाठ करून, तोंड बंद ठेवून!