मार्कोचा व्हिसा आणि सावंतकाकूंनी झाडलेला फोन

“मॅडम, आपका आदमी तो उधर रहता ही नहीं.”

फोनवर व्हिसा ऑफिसातले अधिकारी होते. ‘उधर’ म्हणजे कांदिवलीचा एक फ्लॅट. आणि ‘आपका आदमी’ म्हणजे मार्को, जो त्या क्षणी अंधेरीच्या आमच्या ऑफिसात माझ्याच समोर बसून चहात बिस्कीट बुडवत होता.

“सर, असं कोण म्हणालं?” मी हिंदीत विचारलं.

“जिनका नाम आपने रेफरन्स में दिया है, वही बोलीं. ऐसा कोई आदमी नहीं रहता. और भी बहुत कुछ बोलीं. फाइल मैंने साइड में रखी है.”

फाइल साइडला ठेवणं म्हणजे काय, ते माझ्या धंद्यात सगळ्यांना कळतं. नकार दिलेला नसतो, पण उद्यापासून ती फाइल कोणाला आठवत नाही. मी फोन ठेवला. मार्कोने खुशीत अंगठा वर करून विचारलं, “ओके?”

मी म्हटलं, “चहा पी आधी.”

मी एका इटालियन कंपनीच्या मुंबई ऑफिसात अ‍ॅडमिन बघते. आमची कंपनी कापड रंगवायची मोठी मशिनं विकते. त्यासाठी तिकडून इंजिनीअर येतात आणि दोन-तीन वर्षं इथे राहतात. त्यांना एक्सपॅट म्हणतात. त्यांचं घर, गॅस, डॉक्टर, व्हिसा, सरकारदरबारी नोंदणी, सगळं माझ्याकडे. एका एक्सपॅटच्या बायकोला मी घाटकोपरच्या मार्केटात नेऊन प्रेशर कुकरची शिट्टीसुद्धा बदलून दिली आहे. त्यामुळे मला सहसा कशाचं नवल वाटत नाही. त्या दिवशी मात्र वाटलं.

प्रकरण असं होतं. ढाक्याजवळच्या एका गिरणीने आमचं मशीन घेतलं होतं. ते जोडून, चालवून, त्यावर पहिलं कापड रंगवून दाखवायचं, याला कमिशनिंग म्हणतात. काम दोन-अडीच महिन्यांचं आणि ते मार्कोचं होतं. इकडे कांदिवलीत त्याची बायको लुचिया पोटुशी. सातवा संपत आलेला आणि डॉक्टरांनी आराम सांगितलेला.

आता व्हिसाचं गणित. सिंगल एंट्री म्हणजे त्या देशात एकदाच शिरायचं. मधे दोन दिवस घरी आलात की तो व्हिसा संपला, परत जायचं तर पुन्हा अर्ज करायचा आणि पुन्हा वाट बघत बसायचं. मल्टिपल एंट्री म्हणजे मुदत आहे तोवर कितीही वेळा जा आणि या. मार्कोने मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, “वंदना, मल्टिपल, ऑर आय डोन्ट गो.” बाळ जन्माला येईल तेव्हा त्याला तिथे असायचं होतं. एवढंच त्याचं मागणं होतं, आणि मला ते जास्त वाटलं नाही. तिकडे सिंगल एवढी चौकशी न करताही देतात, अडला होता तो मल्टिपल.

मी उठून पाठारेसाहेबांकडे गेले. ते आमचे प्रोजेक्ट हेड. मूळचे बोरिवलीचे, बोलायला तिखट.

“सिंगल देतायत ना? मग घे आणि टाक त्याला विमानात,” ते म्हणाले.

“सर, तो जाणार नाही.”

“नाही जाणार तर मिलानहून दुसरा माणूस मागवतो. पण मग मार्कोला इथे ठेवायचं कशाला? त्याची पोस्ट याच कामासाठी आहे. परत पाठवावं लागेल.”

“सर, त्या बाईला आठवा लागतोय. डॉक्टरांनी जिना चढू नको म्हटलंय, आणि तुम्ही तिला इटलीला पाठवताय?”

“मी नाही पाठवत गं, कस्टमर पाठवतोय. मशीन बंदरावर येऊन पडलंय त्यांचं.” मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, “रेफरन्स बदल ना. दुसऱ्या कोणाचं तरी नाव घाल.”

तसं करून चालत नाही. मार्को भारतीय नाही आणि ज्या देशात जायचं त्या देशाचाही नाही. असा माणूस मुंबईतून अर्ज करतो तेव्हा तो खरंच मुंबईत राहतो का, हे त्यांना बघायचं असतं. त्याचा फ्लॅट कंपनीच्या नावावर, लाइट बिल घरमालकाच्या नावावर, आणि घरमालक बडोद्याला. म्हणून ओळखणारा एक शेजारी लागतो. त्या शेजाऱ्याने एकदा नाही म्हटल्यावर दुसरं नाव दिलं, तर आपण माणसं पेरतोय असंच दिसतं.

आणि शेजारी तर मी स्वतः निवडून दिला होता. समोरच्या दारातल्या सावंतकाकू. मूळच्या वेंगुर्ल्याच्या. नवरा गिरणीत रंगखात्यात होता, आता नाही. मुलगा नोकरीसाठी बंगलोरला. मार्को-लुचिया राहायला आल्यापासून काकूंचं अर्धं लक्ष त्यांच्याच घरात असायचं. लुचिया इटालियनमध्ये बोलायची, काकू मालवणीत, आणि दोघींचं कुठेही अडायचं नाही. या बाईने ‘असा कोणी राहत नाही’ म्हणावं, हे माझ्या डोक्यात शिरेना.

त्याच संध्याकाळी मी कांदिवलीला गेले. काकूंचं दार उघडंच होतं. लुचिया सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती आणि कुळथाच्या पिठीत भात कालवून खात होती. काकूंनी मला बघितलं आणि माझी चप्पल निघायच्या आधीच सुरू झाल्या.

“बरा झाला तू इलंस. काल एका मेल्याची अशी बिनपाण्यान केलंय मी!”

“कोणाची, काकू?”

“फोन इललो. माका इचारता, मार्को आपके बाजू में रहता है क्या, पासपोर्ट का काम है. पासपोर्ट म्हटल्यावरच माका कळला. माका काय येडी समाजलो?”

मी चप्पल काढून लुचियाशेजारी बसले.

झालं होतं ते असं. आठवडाभर आधी सोसायटीच्या हॉलमध्ये पोलिसांनी फोनवरच्या फसवणुकीबद्दल माहिती दिली होती. पार्सल, पासपोर्ट, परदेश, असा शब्द अनोळखी माणसाच्या तोंडून आला की समजायचं, चोर. काही सांगायचं नाही, खात्री करून घ्यायची. काकू पहिल्या रांगेत होत्या. फोनवरच्या माणसाने एका दमात पासपोर्टही काढला आणि परदेशी माणसाचं नावही.

“पण काकू, मी सांगितलं होतं ना, व्हिसा ऑफिसातून फोन येईल म्हणून?”

“सांगललंस. पण पोलिसांनी सांगलेलां, चोर हापिसाचाच नाव सांगतत. पोटुशी बाय घरात असा, आणि मी तिच्या घोवाचो पत्तो चोराक देतलंय? सांगलंय त्येका, इधर कोई मार्को-बिर्को नहीं रहता. शरम नहीं आती? दूसरा धंदा देख. मढ को जाके बोंबील सुखा!”

मी म्हटलं, “काकू, तो माणूस खरा होता.”

काकूंच्या हातातला पळा तसाच राहिला. त्यांनी लुचियाकडे बघितलं. तिला शब्द कळले नव्हते, पण काहीतरी बिघडलंय हे कळलं होतं, आणि तिचाही घास थांबला होता.

“म्हंजे माझ्यामुळे त्याचो व्हिसा अडाकलो?” काकूंचा आवाज एकदम बारीक झाला. “मग ह्या पोरीक टाकून जावचा लागतला त्येका?”

हो म्हणवलं नाही. मला काकूंचा राग यायला हवा होता. पण त्यांनी केलं होतं काय, तर ज्यांना आपलं मानलं त्यांना सांभाळलं होतं. मला त्यांची दयाच आली. त्या पदर खोचून उठल्या, “चल. माका घेवन चल त्येच्याकडे. पाय धरतंय मी त्येचे.”

पाय धरायची वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी मी अधिकाऱ्यांना फोन लावला आणि जसं घडलं तसं सगळं सांगितलं. माझ्या कामात मी एक गोष्ट शिकले आहे. गोष्ट कितीही वेडगळ असली तरी खरी असेल तर तशीच सांगावी, ती सजवायला गेलं की संशय येतो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “कल एक बार और फोन करूँगा. लास्ट.”

शेवटची संधी म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळीच काकूंकडे जाऊन बसले. काकूंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, जसे काही अधिकारी फोनमधून बाहेरच येणार होते. लुचिया शेजारी. मार्को ऑफिसात, कारण मीच त्याला सांगितलं होतं की तू इथे बसलास तर मला घाम फुटेल.

फोन वाजला. मी स्पीकर चालू केला.

“नमस्कार. मैं व्हिसा ऑफिस से बोल रहा हूँ.”

“पहले बोलो,” काकू ताठ बसून म्हणाल्या, “उस दिन मैं तुमको क्या बोली थी?”

मी दोन्ही हातांनी खुणा करायला लागले. काकूंनी मला हातानेच गप्प केलं. “थांब गो. खात्री करूक नको?”

माझ्या नोकरीत मी अधिकाऱ्यांपुढे किती वेळा मान तुकवली आहे याचा हिशेब नाही, आणि इथे एक बाई त्यांची परीक्षा घेत होती. ते आता फोन ठेवणार, याची मला खात्री वाटली.

मग घसा खाकरल्याचा आवाज आला. “आपने कहा था... शरम नहीं आती. दूसरा धंदा देख. मढ जाके बोंबील सुखा.”

“बरोबर,” काकू म्हणाल्या. “अब पूछो.”

त्यांनी विचारलं, किती दिवसांपासून राहतो. काकू म्हणाल्या, गणपतीच्या आधीपासून. आरतीला टाळ्या चुकीच्या वाजवतो, पण वाजवतो. घरी कोण कोण असतं? बायको. आणि त्याच्या त्या चिमुकल्या भांड्यातल्या कॉफीचा वास, जो सगळ्या मजल्यावर असतो. तुम्ही त्याला रोज बघता? “रोज. मेरा गॅस का सिलिंडर वोही उठाता है.” अधिकारी पुरे म्हणायच्या बेतात होते. काकू थांबल्या नाहीत.

“साहेब, उसका बीवी को आठवां महीना है. वो उधर अटक गया तो इसको मैं देखूँगी, मेरा कुछ नहीं. लेकिन बच्चा आएगा तो बाप को ढूँढेगा ना?”

लुचियाने काकूंचा हात धरला. माझे डोळे भरून आले, हे मी लपवत नाही.

“ठीक है, खाला,” ते हळू आवाजात म्हणाले. मग, “एक बात बताइए. बोंबील क्या होता है?”

ते मला सांगावं लागलं. समुद्रातली लिबलिबीत मासळी, मढच्या किनाऱ्यावर दोऱ्यांवर टांगून वाळवतात. ते एकदम ओरडले, “ओ! लोइट्टा! वो तो हम भी सुखाते हैं!”

“तुमच्यात पण?” काकू चाटच पडल्या. “मग ता आधी सांगूक नको?”

पुढच्या आठवड्यात मार्कोचा पासपोर्ट आला. सहा महिने, मल्टिपल एंट्री. बोंबलामुळे व्हिसा मिळाला असं पाठारेसाहेब ऑफिसभर सांगत सुटले. तसं काही नसतं. राहण्याची खात्री पटली म्हणून मिळाला.

मार्को ढाक्याला गेला. गिरणीला शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे जमेल तेव्हा गुरुवारी निघून घरी यायचा. काकू दर वेळी काहीतरी करून ठेवायच्या, कधी बांगडे, कधी तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या.

मग लुचियाला दिवसांच्या आधीच कळा सुरू झाल्या. काकूंनी तिला रिक्षात घातलं, हॉस्पिटलात नेलं आणि मार्कोला निरोप दे म्हणून मला फोन केला. त्याचा फोन लागेना. मी गिरणीत निरोप ठेवला. थोड्या वेळाने काकूंना बाहेरच्या देशातल्या एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

“काकू! मार्को! लुचिया ओके?”

“पहले बोलो,” काकू म्हणाल्या, “पिछली बार मेरे घर में क्या खाया?”

“तिसऱ्या!” तो ओरडला. “तिसऱ्या, काकू! सोलकढी!”

“हां. अब निकल.”

तो निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावरून थेट हॉस्पिटलात आला, आणि दुपारी त्याला मुलगी झाली तेव्हा तो दाराबाहेर काकूंच्या शेजारी उभा होता. मुलगी थोडी मोठी झाल्यावर त्याच व्हिसावर परत गेला आणि मशीन चालू करून दिलं. तेव्हापासून मी रेफरन्स देणाऱ्याला, फोन येईल एवढं सांगून थांबत नाही. कोण करणार आणि काय विचारणार, तेही सांगते.

मुलगी झाल्यावर तो इथे होता त्या मधल्या दिवसांत पाठारेसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. “मशीन अर्धवट उघडं टाकून हा माणूस निघून आलाच कसा?”

मी म्हटलं, “सर, मल्टिपल घेतला होता तो त्यासाठीच.”