अठरा मिलिमीटरचा मथळा

‘सोलापुरी शेंगा चटणी खाताय? सावधान!’

सकाळी चहा घेताना मी हा मथळा वाचला, तेव्हा आत बायको उखळात तीच चटणी कुटत होती. गेली दहा वर्षं ती घरी चटणी करून ओळखीच्यांना देते. नेहमीची घरं अकरा. दुपारपर्यंत सात घरांनी नको म्हणून कळवलं. शेजारच्या अक्का, माहेर मैंदर्गीचं, स्वतः सांगायला आल्या.

“वैनी, राग मानू नगा. पेपरात आलंय म्हनून सून नगं म्हन्ती.”

“पेपरात माझं नाव हाय व्हय?”

“न्हाय की. पन चटणी तर आलीया!”

मी बातमी शेवटपर्यंत वाचली. परगावच्या एका दुकानातून, सोलापुरी म्हणून विकल्या जाणाऱ्या बंद पाकिटांचा एक नमुना तपासणीला नेला होता. अहवाल अजून आलाच नव्हता. हे चौदाव्या ओळीत. मी पट्टी लावली. मथळ्याचं अक्षर अठरा मिलिमीटर, चौदाव्या ओळीचं तीन.

पेपरचा तो अंक घेऊन सात रस्त्याजवळच्या त्यांच्या कार्यालयात गेलो. तिथला उपसंपादक माझ्या मुलाच्या वयाचा.

“काका, आम्ही प्रश्नचिन्ह टाकलंय की.”

“ते ‘खाताय’पुढे. ‘सावधान’पुढे काय टाकलंय?”

“सगळं मथळ्यात कसं बसणार?”

“‘परगावच्या एका दुकानातून चटणीचा नमुना.’ बसतं. मी मोजून आलोय.”

त्यानं आतल्या पानावर दोन ओळींचा खुलासा देऊ केला. मी विचारलं, “किती मिलिमीटर?” तो हसला. मी नाही हसलो. पहिल्या पानावर, मथळ्याएवढ्याच अक्षरात द्या, नाहीतर नको, असं सांगून उठलो.

घरी बायकोनं मलाच धरलं. “दोन ओळी मिळत होत्या, त्याबी घालवल्या! आता तुमच्या मिलिमीटरला फोडणी देऊ का?”

मी पट्टी खणात ठेवून दिली. पण पहिल्या पानानं गेलेली माणसं आतल्या पानानं परत येत नाहीत, हे मला तेव्हाही पटलेलं होतं आणि आजही पटतं.

दुसऱ्या दिवशी तिनं उखळ ओढत कट्ट्यावर आणलं, गल्लीच्या तोंडाला. “बघू दे की सगळ्यांला,” म्हणाली. मी पुठ्ठ्यावर लिहिलं : ‘शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ. बसा आणि बघा.’ अक्षरं बरोबर अठरा मिलिमीटर. त्यांच्यापेक्षा मोठी नकोत, लहानही नकोत.

तीन दिवस कोणी थांबलं नाही. चौथ्या दिवशी अक्का आल्या. पुठ्ठ्याला नाक लावून वाचलं, कट्ट्यावर टेकल्या आणि शेंगदाण्यापासून मिठापर्यंत सगळं पाहिलं.

“समदं हितंच दिसतंय की.”

“मग नुसतं बघताय काय? चार घाव घाला,” बायको म्हणाली.

अक्कांनी घातले. जाताना वाटीभर नेली, सुनेला सांगून.

गेलेल्या सातांपैकी चार घरं परत आली, तीन नाही. खुलासा आजतागायत छापलेला नाही. पुठ्ठा उन्हानं दोनदा फिका पडला, दोनदा मी तो पट्टी लावून पुन्हा गिरवला. खुलासा येईपर्यंत तो तिथंच राहणार.