वरवंटा, म्हणजे बेट क्रमांक तीन

ऑफिसात किस्से किती साचतात, हे तिथलं काम किती सावकाश चालतं यावर ठरतं, असं माझं पक्कं मत आहे. आम्ही जर्मनीत हॅनोव्हरला बसून समुद्राच्या खाड्या पुढच्या पाचशे वर्षांत कशा बदलतील, याची कॉम्प्युटर मॉडेल्स चालवतो. हॅनोव्हरला समुद्र नाही, हे आधीच सांगून टाकतो. एक मॉडेल संपायला नऊ दिवस लागतात. तेवढ्या वेळात माणसांनी करायचं काय? त्यातून हे सगळं साचलंय, आणि त्यातलं बरंचसं वैदेहीचं आहे.

वैदेही पुण्याची, माझ्याच खोलीत बसायची, पीएचडी करत होती. तिचं म्हणणं एकच. खाडीच्या तोंडाशी खडकाची बेटं असली की भरती-ओहोटीचं पाणी त्यांच्या कडेने खोल चर पाडतं, आडोशाला वाळू बसते, आणि शेकडो वर्षांनंतरही खाडीचा आकार तीच बेटं ठरवतात. तिचे बाहेरचे परीक्षक प्रोफेसर टीडेमान यांना हे अजिबात पटत नव्हतं. त्यांची मेल आली, "बेटं हा किरकोळ तपशील आहे. वाळू आणि भरती पुरे." त्यांना पटलं नाही तर चार वर्षं पाण्यात! आणि कॉन्ट्रॅक्ट सप्टेंबरात संपत होतं.

*

पहिलं मॉडेल नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी सकाळी बघतो तर बेटं गायब!

झालं होतं असं, की बेटं खडकाची आहेत हे मॉडेलला सांगायचंच वैदेही विसरली होती. मॉडेलने त्यांना वाळू समजून साठ वर्षांत वाहून नेलं होतं. आमच्या प्रयोगशाळेचा टेक्निशियन हायनर कॉफी घेऊन मागे उभा होता. तीस वर्षं नोकरी झालेला, बोलणं मोजकं. स्क्रीनकडे बघून म्हणाला, "तर मग, तुमच्या समुद्रात पाणीच आहे ना? की ॲसिड?"

*

दुसऱ्या घोळाचा धनी मी.

पाण्याच्या खोलीच्या नोंदींमध्ये चुकीचे आकडे घुसतात, म्हणून ते साफ करायला मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. आजूबाजूला खोल पाणी आणि मध्येच एकदम उंच टोक दिसलं, की ती चूक समजून तो सपाट करायचा. मित्रधर्म म्हणून मी वैदेहीचा डेटाही साफ करून दिला. पुन्हा नऊ दिवस! शेवटी बघतो तर चर इकडून तिकडे भटकतायत, आणि बेटांचा पत्ता नाही. माझ्या प्रोग्रॅमने तिन्ही बेटं झाडून काढली होती.

वैदेही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मंदार, हा रन डिलीट करू नकोस. तुझं पाप आहे, जपून ठेव."

मी मुकाट्याने जपून ठेवला. तिसरा रन मात्र बेटांसकट नीट पार पडला.

*

नुसत्या कॉम्प्युटरवर टीडेमान विश्वास ठेवणार नाहीत, म्हणून तळमजल्यावर वाळूची टाकी मांडायची ठरली. टाकीत छोटी भरती, छोटी ओहोटी आणि तीन बेटं. हायनरने बाउमार्क्टमधून, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानातून, बागेत लावायचे सुंदर काळे दगड आणले. टाकीत पाणी सोडलं आणि पहिल्याच भरतीला एक बेट तरंगत पलीकडच्या काठाला लागलं! दगड कसले, आतून पोकळ प्लास्टिक.

हायनरने ते उचललं, खिशात घातलं आणि म्हणाला, "हे सुट्टीवर गेलं."

दोन जड दगड अंगणात सापडले. तिसरा काही केल्या मिळेना.

*

त्याच सुमारास वैदेहीच्या सासूबाई, म्हणजे आमच्या काकू, मालवणहून आल्या होत्या. मिक्सरमधली चटणी त्यांच्या घशाखाली उतरत नाही. पाटा सामानाच्या वजनात बसेना, म्हणून त्यांनी नुसता वरवंटा आणला होता आणि त्या भाड्याच्या घरातल्या दगडी ओट्यावरच वाटण वाटत होत्या. घरमालक कधी बेल वाजवतो, या धास्तीने वैदेहीचं वजन उतरायला लागलं होतं.

एका दगडात दोन पक्षी! तिने वरवंटा मागितला.

काकू म्हणाल्या, "देते. पण कशाला हवाय ते आधी सांग."

आणि त्या स्वतःच प्रयोगशाळेत आल्या. पदर खोचून टाकीशी उभ्या राहिल्या. वैदेहीने वरवंटा वाळूत रोवला, तशा म्हणाल्या, "तिथे नको गं. थोडा तोंडाकडे घे. आमच्याकडे होडी बेटाला धरूनच आत आणतात, तिथेच पाणी खोल असतं. हे शोधायला चार वर्षं लागली तुला?"

वैदेही हळूच म्हणाली, "अहो आई, सिद्ध करायला लागली."

संध्याकाळपर्यंत वरवंट्याच्या कडेने सुरेख चर पडला. हायनरने उपकरण नोंदवायचा फॉर्म भरला आणि वरवंट्यावर स्टिकर लावलं, 'बेट क्रमांक ३'.

*

मग थीसिस डिफेन्सचा दिवस. इथे तो सगळ्यांना खुला असतो, म्हणून काकू नऊवारी नेसून पहिल्या रांगेत. टीडेमाननी अपेक्षित प्रश्न टाकलाच, "ही बेटं काढून टाकली तर काय फरक पडतो?"

"काढून बघितली," वैदेही म्हणाली, आणि तिने माझं पाप पडद्यावर लावलं! तीच खाडी, तीच भरती, फक्त बेटं नाहीत. पाचशे वर्षं चर नुसते भटकतायत. शेजारी बेटांचा रन, चर जागच्या जागी. माझी छाती अशी फुगली, की जणू मी हे ठरवूनच केलं होतं.

"कॉम्प्युटर काय, सांगाल ते दाखवतो," टीडेमान म्हणाले.

समिती निर्णयासाठी आत गेली. आम्ही बाहेर केकभोवती उभे. एरवी पंधरा मिनिटं लागतात. अर्धा तास झाला, तास झाला. वैदेहीचा चेहरा पांढराफटक. मला तर केककडे बघवेना. तेवढ्यात हायनर जिन्यावरून वर आला.

"ते आत नाहीत. मागच्या दाराने माझ्याकडे आलेत."

सगळे धावत तळमजल्यावर. टाकीभोवती अख्खी समिती वाकलेली. टीडेमान कोट काढून, हात कोपरापर्यंत ओले, आणि हातात काकूंचा वरवंटा! टाकीत भरती-ओहोटी चालूच होती. बेट क्रमांक तीनच्या जागी वाळूचा ढीग, आणि तो सुरेख चर निम्मा बुजलेला.

टीडेमाननी वर बघितलं आणि म्हणाले, "अभिनंदन, फ्राऊ डॉक्टर."

वैदेही रडायला लागली, मी टाळ्या वाजवायला लागलो. काकू गर्दीतून वाट काढत थेट टाकीशी गेल्या.

"त्यांना म्हणावं, जागेवर ठेवा तो."

वैदेहीने डोळे पुसत जर्मनमध्ये सांगितलं. टीडेमाननी वरवंटा दोन्ही हातांनी वाळूत रोवला आणि काकूंकडे बघितलं.

काकूंनी मान हलवली. "थोडा तोंडाकडे."

टीडेमाननी तो थोडा तोंडाकडे घेतला.