गोळीचे पथ्य

दादाला ती गोळी मी रविवारी सकाळी, चहानंतर दिली, आणि पूर्ण विचार करून दिली. हे आधीच सांगते, कारण पुढे जे घडले त्याला अपघात म्हणायची आमच्या घरात सवय पडली आहे.

एकोणीसशे साठचे दशक सरत आले होते. दादा तारापूरच्या एका बांधकामावर नकाशे काढण्याच्या कामाला होता आणि आम्ही जवळच्या सरावली गावात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. मी रसायनशास्त्राची पदवीधर होते, एम. एस्सी.चा अभ्यास करत होते, आणि परदेशी जायचेच हे ठरवून बसले होते. अभ्यासासाठी मी उत्तेजक गोळ्या घेत असे. त्या काळी त्या सहज मिळत.

दादाचे चित्त लहानपणापासून एका जागी ठरत नसे. अर्धा नकाशा टाकून तो पट्टी शोधायला उठे आणि तासाभराने दुसऱ्याच कामात सापडे. त्यात वर्षभर उदासीने त्याला ग्रासले. मुंबईच्या डॉक्टरांनी त्यावर गोळ्या दिल्या, बिननावाच्या कागदी पुडीत, आणि बजावले: सुकी मासळी नको, आंबवलेले नको, खोकल्याचे औषध नको, विचारल्याशिवाय दुसरी कुठलीही गोळी नको.

आमची घरमालकीण मुरबे गावची कोळीण. तिने हे काटेकोर पाळले. "भाव, तुला सुकट नाय देत हां. तुजं पथ्य हाय."

मी मात्र हसले. पथ्य हा शब्द माझ्या लेखी वैद्याच्या काढ्याबरोबर निकालात निघाला होता. चंचल मुले अशा उत्तेजकाने स्थिर होतात, असे मी वाचले होते. त्याची गोळी मन उचलते, माझी लक्ष बांधते; दोहोंची बेरीज होईल, असा माझा हिशेब. सोमवारी नकाशा दिला नाही तर दादाची नोकरी जाणार होती.

"प्रोफेसरीणबाई, आणि पथ्य?" दादाने विचारले.

"गोळीला कसलं पथ्य? घे मुकाट्याने."

तासभर त्याने मान वर न करता रेघा ओढल्या. मला विजयी वाटत होते. मग त्याने दोन्ही हातांनी डोके आवळले.

"घण मारतंय कुणीतरी आत. थांबव. थांबव ना!"

मी पाणी पुढे केले. त्याने तांब्या भिंतीवर फेकला, नकाशाचा लाकडी फळा उचलून उंबऱ्यावर आपटला, त्याचे दोन तुकडे झाले. डोळे तांबारलेले, मानेच्या शिरा फुगलेल्या. मी खांदा धरताच त्याने माझा गळा पकडून मला कपाटावर आदळले. काच फुटली, माझ्या कानामागून रक्त वाहू लागले. तो मला ओळखतच नव्हता.

घाटावरून आलेला शेजारचा फिटर आणखी दोघांना घेऊन धावत आला. "दारू पिऊन बहिणीवर हात टाकतो!" दारूबंदी असली तरी हातभट्टी गावोगाव होती; याहून वेगळे कारण कुणाला सुचणार? त्यांनी दादाला अंगणात ओढले, आंब्याला बांधले आणि फिटरने कमरेचा पट्टा काढला. फटके पाठीवर पडत होते, पण दादा कपाळ खोडावर घासत होता. मी दारात उभी होते. बोलले नाही.

घरमालकीण मधे घुसली. तिने दादाचे तोंड हुंगले.

"वास नाय. सोडा त्याला." मग माझ्याकडे वळली. "काय दिलंस गो याला?"

मी तेव्हाही बोलले नाही.

फिटरनेच टेम्पो मिळवला. पालघरच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजायला दंडाला पट्टा बांधला. पारा चढतच राहिला. दादाला उलट्या होत होत्या, उजवा हात लुळा पडत चालला होता. "दारू किती घेतली?" त्यांनी विचारले. तेव्हा मी दोन्ही गोळ्या टेबलावर ठेवल्या आणि वेळेसकट सगळे सांगितले.

त्यांनी आधी इंजेक्शन दिले. पारा उतरू लागल्यावर बोलले: "याची गोळी मेंदूतलं एक द्रव्य मोडू देत नाही, म्हणून ते साठत जातं. तू तो साठा एका झटक्यात रक्तात ओतलास, म्हणून रक्तदाब असा भडकला. उदासीच्या सगळ्याच औषधांचं असं होत नाही. या जातीच्या होतं. म्हणून तर विचारायचं असतं."

दादा वाचला. उजव्या हाताची बोटे मात्र पेन्सिल धरण्याइतकी कधीच मिटली नाहीत.

तिसऱ्या दिवशी फिटर दवाखान्यात केळी घेऊन आला. दादाच्या पाठीवरचे वळ त्याला बघवेनात. "झालं ते झालं, साहेब. पण आता सोडा ही दारू."

दादाचे ओठ सुजलेले होते. मी म्हणाले, "तो प्यायला नव्हता. मी त्याला चुकीची गोळी दिली होती."

फिटर माझ्याकडे वळला. "मग आमी मारत होतो तवा तुमी गप का उभ्या राहिला, ताई?"

"मला वाटलं, दुपारपर्यंत गोळीचा अंमल उतरेल आणि कुणाला कळणार नाही."

त्याने केळी उशाशी ठेवली, वाकून दादाचे पाय धरले, आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.